एकाच इंजिनात जाम झालेले दोन स्पार्क प्लग : एक प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण सुमारे वीस वर्षे जुन्या, चार सिलिंडरच्या एका पेट्रोल इंजिनाचे आहे. ब्लॉक बिडाचा, हेड (ब्लॉकवर बसणारा, सिलिंडर झाकणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमचे आणि चारही स्पार्क प्लग हेडच्या मधोमध खोल खळग्यांत उभे बसवलेले, अशी त्याची रचना होती. प्लगचे आटे १४ मिलिमीटर व्यासाचे व १.२५ मिलिमीटर अंतराचे, आट्यांच्या भागाची लांबी १९ मिलिमीटर, षटकोन (पाना बसतो तो भाग) १६ मिलिमीटरचा आणि बैठक सपाट, म्हणजे दाबाने चेपणाऱ्या वॉशरची होती. गाडी बराच काळ उघड्यावर उभी राहिली होती. पुन्हा वापरात आल्यावर ती थंड असताना, आणि हवेत ओल असली की अधिकच, मिसिंग मारू लागली (एखाद्या सिलिंडरातले इंधन मधूनच पेटेनासे झाले) व आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू असले की, थरथरू लागली, म्हणून तपासणीसाठी आली. प्लग शेवटचे कधी काढले होते याची कोठेही नोंद नव्हती आणि मालकांनाही ते आठवत नव्हते.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण या एकाच हेडमध्ये दोन प्लग अडले आणि ते दोन अगदी निरनिराळ्या कारणांनी अडले. पाना धरणाऱ्या हाताला दोन्ही वेळी कळते ते एवढेच, की प्लग फिरत नाही. परंतु तो नेमका कोणत्या जागी धरला गेला आहे हे ठरवल्याशिवाय पुढचा उपाय ठरत नाही, आणि या इंजिनात एका प्लगला लागू पडलेला उपाय दुसऱ्यावर केला असता तर हेडचे आटे हमखास गेले असते.

प्लग धरला जातो त्या तीन जागा

पहिली जागा म्हणजे बैठक. वॉशर हेडच्या पृष्ठभागावर चेपून बसलेला असतो. खळग्यात पाणी साचत राहिले, तर वॉशर, प्लगचे कवच (त्याचा बाहेरचा पोलादी भाग) आणि हेड यांच्यामध्ये गंज धरतो आणि तिन्ही एकजीव झाल्यासारखी होतात. दुसरी जागा म्हणजे आट्यांचा वरचा व मधला भाग. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असताना मध्ये क्षारयुक्त ओल आली, की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. त्यामुळे आट्यांमधली जेमतेम फट भरून जाते, इतकेच नव्हे, तर प्लगवर चहूबाजूंनी दाब येतो. तिसरी जागा सर्वांत खाली, ज्वलनकक्षाच्या तोंडाशी असते. प्लगचे शेवटचे आटे कक्षात डोकावत असतील, तर त्यांच्यावर काजळीचा टणक थर चढतो, आणि प्लग वर येऊ लागला की हा थर हेडच्या मऊ आट्यांतून ओढत न्यावा लागतो.

या तीन जागांचे वागणे वेगवेगळे असते. बैठक धरलेली असेल तर प्लग मुळीच हलत नाही, पण एकदा ती सुटली की पुढचे काम बरेच हलके होते. आटे धरलेले असतील तर प्लग हलल्यावरही पूर्ण प्रवासभर जडच राहतो. आणि काजळीने धरलेला प्लग सुरुवातीला अगदी निरोगी प्लगसारखा सुटतो, काम झाले असे वाटू लागते, आणि मग थोड्याच फिरण्यात तो जड होत जातो. हा तिसरा प्रकार सर्वांत घातक म्हणावा लागेल, कारण एकदा सुटलेला प्लग आता निघणारच या समजुतीने हात जोर वाढवत नेतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्लग अडला की खळग्यात गंजतेल, म्हणजे गंज सोडवणारे पातळ तेल, ओतून रात्रभर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु सपाट बैठकीच्या प्लगमध्ये वॉशरचे कामच मुळी खालचा वायू वर येऊ न देण्याचे असते. मग वरचे तेल तरी त्याला ओलांडून आट्यांत कसे उतरणार? वॉशर घट्ट आहे तोवर तेल फक्त बैठकीच्या कडेपर्यंत पोहोचते. बैठक गंजलेली असेल तर तेवढ्यानेही काम होते, कारण गंजाच्या सूक्ष्म भेगांतून ते थोडे आत शिरते. पण दोष आट्यांत किंवा त्याखाली असेल, तर तेलाचा खरा उपयोग बैठक अंशभर उचलली गेल्यानंतरच सुरू होतो.

पहिली पाहणी आणि कामाचा क्रम

इंजिन थंड असताना प्लगच्या तारा काढल्या. रबरी टोप्या सरळ वर न ओढता आधी जागेवर थोड्या फिरवून मोकळ्या केल्या, कारण जुनी टोपी ओढली की तिची तार आतून तुटते. तिसऱ्या सिलिंडरची टोपी वर आली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला तांबूस ओघळ होते, खळगा झाकणारी रबरी कड चिरलेली होती, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली एक बारीक काळी रेघ होती. ठिणगी इलेक्ट्रोडपर्यंत न जाता बाहेरूनच धातूवर उडत असल्याची ही खूण. मिसिंगचे कारण येथेच मिळाले. खळग्याच्या तळाशी गंजाचा चुरा आणि ओलसर चिखल होता. खळग्यातले पाणी बाहेर जाण्यासाठी हेडला जे बारीक छिद्र असते, ते धुळीने पूर्ण बुजले होते.

चौथ्या खळग्यात पाणी नव्हते. मात्र प्लगच्या षटकोनाभोवती, तळाशी, करड्या-काळ्या रंगाचा एक कोरडा डाग होता. या डागाची नोंद घेतली, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. तो पुढे लागला.

खळग्यांत संकुचित हवा मारून घाण काढली. हे काम चष्मा लावून आणि प्लग जागेवर असतानाच करावे लागते, कारण प्लग निघाल्यावर तीच वाळू सरळ सिलिंडरमध्ये पडते. मग सहा कोनांचे प्लग सॉकेट आणि सरळ एक्स्टेन्शन (पाना खोलवर पोहोचवणारी जोडदांडी) घेतले. वळणारा सांधा मुद्दाम टाळला. त्याने जोर तिरका लागतो आणि चिनी माती तडकते. दांड्याऐवजी काट्याचा टॉर्क पाना वापरला. असा पाना दोन्ही दिशांना माप दाखवतो, त्यामुळे प्लग सुटताना किती जोर लागला हे नुसते जाणवत नाही, वाचता येते. ठरावीक मापावर खट वाजणारा पाना मात्र सैल करण्यासाठी वापरू नये.

या प्रकारच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये बसवताना सामान्यतः २५ ते ३० न्यूटन-मीटर जोर लावतात. त्यावरून आम्ही काढण्यासाठी ६० न्यूटन-मीटर ही मर्यादा आधीच ठरवली, आणि ती ओलांडायची वेळ आली तर थांबून पुन्हा विचार करायचा, असेही ठरवले. हा आकडा कोणत्याही पुस्तकातला नाही. बसवण्याच्या जोराच्या दुप्पट, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. पण आकडा आधी ठरलेला असणे महत्त्वाचे आहे, कारण प्लगशी झटापट सुरू झाल्यावर माणूस मर्यादा ठरवत नाही, वाढवत जातो.

पहिला आणि दुसरा प्लग साधारण बसवण्याच्याच जोराला सुटले आणि हाताने फिरवत बाहेर आले. तिसरा ६० न्यूटन-मीटरला तसूभरही हलला नाही. उलट जोर देताना पाना थोडा वळला आणि सोडताच मागे आला. हे स्प्रिंगसारखे मागे येणे नीट समजून घ्यावे लागते: एक्स्टेन्शनला बसलेला पीळ उलगडतो तेव्हाही ते जाणवते, आणि प्लगचे पोकळ कवच पिळले जात असेल तेव्हाही जाणवते. दोन्हींतला फरक हाताला कळत नाही. म्हणून सॉकेटच्या तळाजवळ आणि खळग्याच्या कडेवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. जोर देताना रेघेचे दोन भाग एकमेकांसमोरच राहिले, तर पीळ एक्स्टेन्शनचा. ते सरकले आणि जोर सोडल्यावर पुन्हा जुळले, तर पीळ कवचाचा, आणि तेथेच थांबायला हवे. आमच्या बाबतीत रेघ जुळलेलीच राहिली.

येथे कामाच्या क्रमाबाबत घेतलेला एक निर्णय पुढे फार उपयोगी पडला. तिसरा अडल्याबरोबर चौथ्याकडे वळण्याचा मोह होतो. तो आवरला आणि चौथ्याला हातच लावला नाही. तिसऱ्यासाठी हेड कोमट करावे लागण्याची शक्यता होती, आणि हेड एकसारखे कोमट करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे इंजिन चालवणे. चौथा प्लग अर्धवट निघालेल्या अवस्थेत अडकला असता, तर इंजिन सुरू करण्याचा मार्गच बंद झाला असता. पहिले दोन जुने प्लग पुन्हा जागेवर बसवले आणि गाडीच्या मालकांना परिस्थिती सांगितली: प्लग सुखरूप निघण्याची शक्यता चांगली आहे, पण आटे खराब होऊन त्यांत स्प्रिंगची किंवा बुशची भर (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे किंवा धातूची नळी) घालावी लागू शकते, आणि कवच तुटले तर हेड उतरवावे लागेल. त्यांची संमती घेऊनच पुढचे काम सुरू केले. जाम प्लगच्या कामात हे बोलणे मोडतोड झाल्यावर करायचे नसते.

तिसरा प्लग : बैठकीचा गंज

खळग्यातली पाण्याची खूण, गंजाचा चुरा आणि प्लगचे मुळीच न हलणे, या तिन्ही गोष्टी बैठकीकडे आणि वरच्या काही आट्यांकडे बोट दाखवत होत्या. बारीक तारेच्या ब्रशने षटकोनाभोवतीचा गंज खरवडला, चुरा हवेने आणि चोषण नळीने काढला, मग गंजतेलाचे थोडे थेंब सोडून रात्रभर ठेवले. खळगा भरण्याची गरज नसते. बैठकीची कड भिजली की पुरे. जास्तीचे तेल नंतर सिलिंडरमध्ये उतरते.

दुसऱ्या दिवशी आधी खळग्यातले सगळे तेल चोषून घेतले, कापडाने खळगा पूर्ण कोरडा केला, आणि मगच तारा जोडून इंजिन सुरू केले. ही पायरी घाईने उरकण्याची नाही. ज्या खळग्यात ठिणगी बाहेरून उडते हे आदल्याच दिवशी पाहिले होते, त्यात ज्वालाग्राही तेल असताना इंजिन सुरू करणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. तिसऱ्या तारेला त्यासाठी नवी टोपी लावली.

हेड कितपत तापवावे, याबद्दल कारागिरांत दोन मते आढळतात आणि दोन्हींत तथ्य आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. एक अंश सेल्सिअसला पोलाद दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते, तर हेडचे अ‍ॅल्युमिनियम सुमारे २२. प्लगचा व्यास १४ मिलिमीटर धरला आणि हेड व प्लग दोन्ही ६० अंशांनी तापले, तर भोक प्लगपेक्षा ८ ते ९ मायक्रॉनने अधिक रुंदावते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, तर ही वाढ फार वाटत नाही. पण गंजाची पकड ढिली व्हायला आणि तेलाला वाट मिळायला ती पुरेशी असते. याउलट, तापलेले अ‍ॅल्युमिनियम मऊ पडते, आणि मऊ आट्यांवरून खरबरीत पोलाद फिरवले की धातू ओरबाडला जातो. म्हणूनच बहुतेक निर्मात्यांच्या पुस्तिका प्लग थंड इंजिनातून काढायला सांगतात. आमच्या मते या दोन मतांत खरा विरोध नाही. बैठक सोडवण्यापुरते हेड कोमट असावे, आणि प्लग फिरवत बाहेर काढताना ते थंड झालेले असावे.

त्याप्रमाणे हेड हाताला चांगले गरम लागेल, पण हात क्षणभर टेकवता येईल, इतके तापल्यावर इंजिन बंद केले, तार काढली आणि गंजतेलाचे पुन्हा चार थेंब सोडले. एक्स्टेन्शनच्या डोक्यावर पितळी तुकडा ठेवून लहान हातोडीने सरळ खाली हलके ठोके दिले. या ठोक्यांचा उद्देश प्लग हलवण्याचा नसून बैठकीतल्या ठिसूळ गंजाला तडे पाडण्याचा असतो; प्लग टाकायचाच असल्याने त्याच्या चिनी मातीची चिंता करायची नव्हती, पण तिचे तुकडे खळग्यात राहू नयेत एवढे पाहणे भाग होते. मग पहिला झटका सैल करण्याच्या दिशेने न देता घट्ट करण्याच्या दिशेने दिला, तोही बसवण्याच्या जोराइतकाच. गंजाची पकड ज्या दिशेने मोडेल त्या दिशेने मोडू द्यावी. आवळण्याच्या दिशेने तिला अंशभर हलवले, तरी उलट्या दिशेचा प्रतिकार कमी होतो. यानंतर सैल करण्याच्या दिशेने एकसलग ताण न देता थोडे थोडे, तुटक झटके दिले. सुमारे ५५ न्यूटन-मीटरला टक् असा कोरडा आवाज आला आणि पाना किंचित पुढे गेला.

या आवाजाने सुटकेचा श्वास टाकण्याची घाई करू नये. बैठक सुटते तेव्हा असा आवाज येतो, आणि कवच षटकोनाखाली तुटते तेव्हाही असाच येतो. फरक पुढच्या अर्ध्या फेऱ्यात कळतो. कवच तुटले असेल तर षटकोन एकदम हलका फिरतो आणि आहे त्याच उंचीवर राहतो. आटे फिरत असतील तर प्रतिकार कायम राहतो आणि प्लग दर फेऱ्याला १.२५ मिलिमीटर वर येतो. व्हर्नियर मोजपट्टीच्या मागच्या दांडीने एक्स्टेन्शनच्या माथ्याची उंची आवाजानंतर आणि अर्ध्या फेऱ्यानंतर मोजली. ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक वाढली होती. म्हणजे प्लग खरोखरच वर येत होता.

तेथेच थांबून प्लग किंचित मागे आवळला, खळगा पुन्हा हवेने साफ केला आणि आता उघड्या झालेल्या वाटेने तेल आट्यांत सोडून हेड पूर्ण थंड होऊ दिले. नंतर पाव फेरा बाहेर, त्याहून थोडा कमी आत, अशा रीतीने फिरवत प्लग काढला. पहिल्या दोन फेऱ्यांत कर्कर जाणवली, पुढे तो सहज आला. त्याच्या वरच्या तीन-चार आट्यांत तांबूस गंज आणि पांढरी भुकटी एकत्र थापलेली होती. खालचे आटे स्वच्छ होते. अंदाज खरा ठरला.

चौथा प्लग : खालची काजळी

चौथ्या प्लगने इंजिन थंड असताना पहिल्या दोघांसारखाच, ३० न्यूटन-मीटरच्या आत जोर घेतला आणि सुटला. साधारण अर्धा फेरा तो मऊ फिरला. मग प्रतिकार वाढू लागला, आणि तो वाढण्याची रीत तिसऱ्यापेक्षा वेगळी होती: ना आवाज, ना खरखर, फक्त प्रत्येक अंशाला थोडा अधिक जडपणा, ओल्या दोरीला पीळ भरत जावा तसा. पाऊण फेऱ्याच्या आसपास काटा ४० च्या पुढे सरकला, तेव्हा आम्ही ठरवलेल्या मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबलो. ६० ची मर्यादा न हलणाऱ्या प्लगसाठी होती. हलत असताना जड होत जाणाऱ्या प्लगला कोणताही आकडा लागू होत नाही. तेथे जडपणा वाढतो आहे हीच थांबण्याची खूण असते.

येथे तिसऱ्यावर केलेले उपाय केले असते तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. तुटक झटक्यांनी टणक काजळी हेडच्या शेवटच्या आट्यांत पाचरीसारखी ठोकली गेली असती. कोमट हेडमध्ये अ‍ॅल्युमिनियम ओरबाडून प्लगच्या आट्यांना चिकटले असते. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो दाबाखाली फाटला की उघडा पडलेला धातू पोलादाला अक्षरशः जोडला जातो, आणि पुढच्या फेऱ्यात तो तुकडा हेडमधून उपटला जातो. त्यानंतर प्लग निघतो खरा, पण आटे सोबत घेऊन.

प्लग पुन्हा आत, जवळजवळ बैठकीला टेकेपर्यंत फिरवला. मागे फिरणे ही येथे सर्वांत महत्त्वाची कृती आहे. तिच्यामुळे आट्यांत अडकलेला चुरा आल्या वाटेने कक्षाकडे परत जातो. मग कार्ब्युरेटर स्वच्छ करण्याचे द्रावण खळग्यात सोडले. गंजतेल येथे फारसे उपयोगी नव्हते, कारण काजळी तेलाने मऊ पडत नाही. तिला विरघळवणारे द्रावण लागते. बैठक उघडी असल्याने द्रावण आट्यांच्या वाटेने खाली झिरपत गेले. थोडा वेळ थांबून प्लग बाहेर फिरवला, जडपणा वाढू लागताच परत आत घेतला, पुन्हा द्रावण सोडले. प्रत्येक खेपेला तो आधीपेक्षा थोडा पुढे गेला. एका टप्प्यानंतर जडपणा वाढण्याऐवजी तेवढाच राहिला आणि मग कमी झाला. या कामाला दुपार गेली, आणि तेवढा वेळ त्याला द्यावाच लागतो.

फोर्डच्या २००४ नंतरच्या काही वर्षांतल्या ५.४ लिटरच्या, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेल्या व्ही-आठ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांचे उदाहरण या संदर्भात सर्वपरिचित आहे. त्यांच्या प्लगचे कवच दोन भागांचे होते आणि खालचा लांब, पातळ भाग काजळीने हेडमध्ये धरला जाई; जोर लावला की वरचा भाग हातात येई आणि खालचा आतच राही. त्यावर कंपनीने सुचवलेली रीतही हीच होती: थंड इंजिन, अंशभर सैल करणे, द्रावण सोडणे, वाट पाहणे आणि पुढे-मागे फिरवणे. आमचा प्लग एकसंध कवचाचा होता, तरी धरला जाण्याची जागा तीच होती, म्हणून उपायही तोच लागू पडला.

प्लग बाहेर आला तेव्हा त्यावर वॉशरच नव्हता. खळग्यातही नव्हता. आधीच्या कोणत्या तरी बदलाच्या वेळी तो पडला असावा किंवा बसवायचा राहिला असावा. चेपलेला वॉशर साधारण दीड मिलिमीटर जाड असतो. तो नसल्याने प्लग तेवढाच खोल बसला आणि त्याचा एक पूर्ण आटा कक्षात डोकावत राहिला. काजळी त्याच आट्यावर आणि त्याच्या वरच्या अर्ध्या आट्यावर होती, बाकीचे आटे जवळजवळ स्वच्छ होते. खळग्याच्या तळाशी दिसलेल्या करड्या डागाचा अर्थही आता लागला: वॉशरशिवाय पोलादी कड हेडवर पूर्ण टेकत नव्हती आणि ज्वलनाचा वायू तेथून बारीक बारीक निसटत होता. प्लग काढण्याआधीच असा कोरडा काळा डाग दिसला, तर तो प्लग जास्त खोल बसला असण्याची शक्यता गृहीत धरूनच पाना लावावा, असे आम्हांला आता वाटते. चुकीच्या, जास्त लांबीचा प्लग बसवला असेल तरीही हेच घडते.

आट्यांची तपासणी आणि बसवणी

दोन्ही भोकांतून सूक्ष्म कॅमेरा घालून आटे पाहिले. तिसऱ्यात वरचे आटे थोडे खवले पडलेले, पण आकाराने पूर्ण होते. चौथ्यात सर्वांत खालच्या एका आट्याची कड चेपलेली दिसली. १९ मिलिमीटरमध्ये १.२५ च्या हिशेबाने जास्तीत जास्त पंधरा आटे मावतात. त्यांपैकी टोकाचा एक अर्धवट खराब झाल्याने भार पेलण्यात फरक पडत नाही, म्हणून स्प्रिंगची भर घालण्याचा विचार सोडून दिला. निरोगी धातू कापून त्याजागी भर घालणे हा शेवटचा उपाय आहे. प्लग आवळताना आटे दाद देईनासे झाले, किंवा सलग तीन-चार आटे निघून आले, तर मात्र तो टाळू नये.

आटे साफ करण्यासाठी कापणारा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) न वापरता आटे फक्त स्वच्छ करणारा टॅप वापरला, आणि त्याच्या खाचांत घट्ट ग्रीस भरले, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. टॅप सुरू करताना तो हाताने, बिनजोर दोन-तीन फेरे गेलाच पाहिजे. न गेला तर तो तिरका बसतो आहे असे समजून काढून पुन्हा लावावा. उरलेला चुरा बारीक नळीने चोषून घेतला. नंतर इंधनपुरवठा आणि ठिणगी दोन्ही बंद करून, भोकांवर कापड धरून इंजिन स्टार्टरवर फिरवले. सिलिंडरमध्ये उतरलेले द्रावण व तेल याच वेळी बाहेर उडते. ते आत राहिले आणि प्लग बसवून इंजिन सुरू केले, तर द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. द्रावणाने सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुतले जाते, म्हणून चारही सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडले आणि इंजिनचे ऑइल व फिल्टर बदलले.

नवे प्लग घेताना त्यांची लांबी जुन्या प्लगशी न पडताळता इंजिनाच्या पुस्तिकेशी पडताळली, कारण जुना प्लग बरोबर होता असे मानायला आधार नसतो. प्रत्येकावर वॉशर आहे याची खात्री केली. चिनी मातीवर रबरी नळीचा तुकडा चढवून प्लग हाताने फिरवत बसवले. आटे तिरके धरले गेले तर नळी घसरते आणि हेड वाचते. शेवटी टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटर जोर दिला.

आट्यांना जामरोधक पेस्ट लावावी का, यावर कारागिरांत नेहमी वाद होतो. एनजीकेसारखे उत्पादक मुलामा दिलेल्या प्लगना ती लावू नये असे सांगतात, कारण पेस्टने घर्षण कमी होते आणि त्याच आकड्याला आटे प्रत्यक्षात जास्त ताणले जातात. आम्ही ती लावली नाही. तिसऱ्या प्लगचे दुखणे पेस्टच्या अभावाचे नव्हते, बुजलेल्या छिद्राचे आणि चिरलेल्या टोपीचे होते. चौथ्याचे तर वॉशरचे होते. पाणी निघून जाण्याचे छिद्र तारेने मोकळे केले, चारही टोप्या बदलल्या आणि त्यांच्या आतल्या कडेला विद्युतरोधक ग्रीसचा पातळ थर दिला.

एका मुद्द्यावर मात्र आमचे मत प्रचलित सवयीहून वेगळे आहे. इरिडियम किंवा प्लॅटिनम प्लगचे आयुष्य एक लाख किलोमीटरपर्यंत सांगितले जाते, आणि त्या आकड्यावर विसंबून प्लगना तोवर हात लावला जात नाही. तो आकडा इलेक्ट्रोडच्या झिजेचा आहे. आट्यांत काय घडते आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंजिनात, विशेषतः खोल खळग्यांच्या हेडमध्ये, आयुष्य शिल्लक असले तरी प्लग मधूनमधून काढून, पाहून, नवा वॉशर घालून परत बसवणे आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते. या गाडीला म्हणूनच साधे निकेलचे प्लग सुचवले: ते लवकर बदलावे लागतात, आणि या हेडच्या बाबतीत तोच त्यांचा फायदा आहे.

इंजिन सुरू झाल्यावर मिसिंग गेले होते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) पुस्तिकेतल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ आले. इंजिन आयडलिंगला चालू असताना चौथ्या खळग्याच्या तळाशी साबणाच्या पाण्याचे थेंब सोडून पाहिले. बुडबुडे आले नाहीत. गाडीच्या नोंदवहीत पुढील ऑइल बदलाच्या वेळची कामे लिहून दिली: थंड इंजिनात चौथा प्लग काढून सुटण्याचा जोर नोंदवणे, कॅमेऱ्याने खालचा आटा पुन्हा पाहणे, आणि चारही खळग्यांची छिद्रे मोकळी आहेत का ते तारेने तपासणे.